रशियाचा अभ्यास, मुक्काम मोशी

आमच्या शाळेत परीक्षेचे गुण द्यायची शेवटची तारीख सगळ्या शिक्षकांना एक असायची आणि इतिहासाच्या सरांना वेगळी. मुख्याध्यापक नोटीस फिरवायचे, आम्ही निमूट सही करायचो, सरही करायचे, आणि पंधरा तारखेला हात हलवत शाळेत यायचे. विचारलं की शांतपणे म्हणायचे, "आज कुठं पंधरा? आमच्याकडे आज तीन तारीख आहे." आमच्याकडे म्हणजे चिंचवडात नव्हे. आमच्याकडे म्हणजे झारांच्या रशियात. तिथलं कॅलेंडर म्हणे जगाच्या बारा दिवस मागे चालायचं, क्रांतीनंतर कुठं ते जगाबरोबर आलं. उसनी नेलेली छत्री, वाचायला नेलेला दिवाळी अंक, लग्नाच्या आहेराची वर्गणी, सगळं सर त्या कॅलेंडरनं पोचवायचे.

एकदा मुख्याध्यापक वैतागले. म्हणाले, "ठीक आहे. मग तुमचा पगारही त्याच कॅलेंडरनं करतो."

सर म्हणाले, "पगार क्रांतीनंतरच्या कॅलेंडरनं चालेल."

क्रांतीला त्यांनी आयुष्यात दिलेली तेवढी एकच सवलत. एरवी त्यांचा रशिया क्रांतीच्या अलीकडे संपायचा. रशियाचा अभ्यास करतात म्हटल्यावर लोक त्यांना लाल समजायचे. एका मे महिन्यात एका कंपनीच्या युनियनवाल्यांनी त्यांना मोठ्या हौसेनं गेटसभेला बोलावलं. सर तासभर बोलले. झारांच्या आगगाड्या, जंगलं, हिवाळे, दरबारातली भांडणं, सगळं सांगितलं आणि क्रांतीच्या आदल्या संध्याकाळी येऊन खाली बसले. पहिल्या पाळीचे लोक डबे काखेत धरून उभे. एकानं ओरडून विचारलं, "राव, पुढं काय झालं?" सर बसल्या जागेवरून म्हणाले, "पुढचा माझा विषय नाही."

हे सगळं एकोणीसशे सत्तरच्या आसपासचं. मी तेव्हा नवा गणिताचा मास्तर होतो. आमची बरीच मुलं कामगारांची, थेरगावाकडून चालत येणारीही पुष्कळ. पालकसभा संध्याकाळी ठेवली तरी निम्मे पालक पाळीला जायच्या गडबडीत असायचे. अशा ठिकाणी या माणसाला रशिया कुठून भेटला, याचं मला फार दिवस कोडं होतं. ते सुटलं पिंपरीच्या बाजारात, चाचांच्या रद्दीच्या दुकानात. फार वर्षांपूर्वी चाचांनी सरांना किलोच्या भावानं एक जाडजूड इंग्रजी इतिहास दिला होता. त्याची शेवटची शंभरेक पानं आधीच शेजारच्या भजीवाल्याकडे गेली होती, त्यामुळे पुस्तक क्रांतीच्या तोंडाशी येऊन थांबत होतं. सरांचा रशिया तिथंच का संपतो याचं खरं कारण हेच, असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो. सर म्हणायचे, ही निंदा आहे.

चाचा मात्र त्या दिवसापासून त्यांच्यासाठी रशियाचं काही दिसलं की बाजूला ठेवायचे. एकदा त्यांनी गुळगुळीत कागदाची रंगीत मासिकं काढून दिली, मुखपृष्ठावर हसरी बाई आणि ट्रॅक्टर. सरांनी ती परत केली. "चाचा, ट्रॅक्टरवाला नको. घोडागाडीवाला द्या." चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्टरसाब को पुराना माल ही पसंद है."

झारांची नावं मी सरांच्या तोंडून कधी ऐकली नाहीत. मोठ्या माणसांची नावं घेऊ नयेत, म्हणायचे. मग आपण पेशव्यांबद्दल बोलतो तसं चालायचं. थोरले, धाकटे, दाढी कापणारे, भूदासांना मोकळं करणारे आणि शेवटचे. एक होत्या जर्मनीहून आलेल्या राणीसाहेब. त्यांच्याबद्दल बोलताना सर जरा शर्टाची कॉलर सारखी करायचे. तिथल्या सरकारी नोकरांच्या चौदा पायऱ्या होत्या म्हणे, आणि प्रत्येक पायरीला हाक मारायची तऱ्हा वेगळी. सरांनी आमच्या शाळेलाही पायऱ्या लावल्या होत्या. सगळ्यात वर घंटा देणारे शिपाई, कारण त्यांच्याशिवाय काही सुरू होत नाही आणि काही संपत नाही. मुख्याध्यापक मधे कुठंतरी. मी तळाला, कारण मी गणिताचा.

मुख्याध्यापकांनी एका वर्षी मुलांना टाय लावायचं मनावर घेतलं. त्यासाठी पालकसभा. इतिहासाचा माणूस चार शब्द बरे बोलेल म्हणून सरांना उभं केलं. सर सुरू झाले ते थेट दाढी कापणाऱ्या झारापासून. त्याला देश युरोपसारखा करायचा होता, म्हणून त्यानं सरदारांच्या दाढ्या कापायला लावल्या, आणि ज्याला दाढी ठेवायची त्यानं कर भरायचा. तिथून पुढं रशियात दोन पक्ष पडले. एक म्हणे पश्चिमेकडून शिकू, दुसरे म्हणे आपल्या मातीत काय कमी आहे. शंभर वर्षं शिकलेली माणसं याच्यावर चहा पीत भांडली. सर दोन्ही बाजू इतक्या मनापासून मांडत होते की ते स्वतः कुठल्या बाजूला आहेत ते कुणालाच कळेना. शेवटी थेरगावचे एक पालक उठले.

"सर, ते दाढीचं समजलं. टायला कर हाय का न्हाई, तेवढं सांगा. मला पाळी गाठायचीय."

टाय तिथंच बारगळला. मुख्याध्यापक महिनाभर सरांशी बोलले नाहीत. सरांच्या कॅलेंडरनं अठराच दिवस.

त्यांची आणखी एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. विचार करताना त्यांना एका जागी बसवत नसे. हात पाठीमागे, मान खाली, आणि लांब लांब एकसारखी पावलं टाकत भिंतीपासून भिंतीपर्यंत. भिंत आली की थांबायचं, ओठातल्या ओठात काही पुटपुटायचं आणि वळायचं. स्टाफरूममध्ये आम्ही पाय आत घेऊन बसायचो.

सर तेव्हा पीएचडी करत होते. कधीपासून, हे मला नीट माहीत नाही. मी शाळेत आलो तेव्हा प्रबंध "संपतच आला" होता आणि नंतर कितीतरी वर्षं संपतच आलेला राहिला. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. घर त्यांच्यावर चालायचं. त्या म्हणायच्या, "आमच्या घरात झार हे, पण राज्य मी करते." शेवटची मुदतवाढ मिळाली तेव्हा त्यांनी माझ्यासमोर सरांना बजावलं, "दिवाळीपर्यंत हे गेलं तर विद्यापीठात जाईल, नाहीतर चाचांकडे. तिसरी जागा नाही." आणि वहिनी बोलल्या की करायच्या.

अडलं होतं शेवटचं प्रकरण. रशियातल्या एका उन्हाळ्यात म्हणे मोठ्या घरच्या शेकडो पोरापोरींनी कॉलेजं सोडली, शेतकऱ्यांचे कपडे घातले आणि खेड्यांत गेली. आपण शिकलो ते यांच्या घामावर, याची त्यांना लाज वाटत होती. शेतकऱ्यांमध्ये राहायचं, राबायचं, त्यांना शहाणं करायचं. जनतेत जायचं. आणि पुष्कळ ठिकाणी त्या शेतकऱ्यांनीच त्यांना धरून पोलिसांच्या हवाली केलं.

"का?" सर मला विचारायचे, जणू मीच दिलं होतं. "इतक्या मनापासून गेलेली पोरं हो! का दिलं धरून?"

त्यांनी पुस्तकांतून सात-आठ कारणं काढून लिहिली होती. पुण्याच्या त्यांच्या गाइडनं प्रकरण परत केलं. म्हणाले, "ही सगळी दुसऱ्यांची कारणं आहेत. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, नाहीतर प्रबंध देऊ नका." आणि सरांना काय वाटतं तेच सरांना कळत नव्हतं. माझ्या मते हा प्रश्न त्यांना प्रबंधापेक्षा आतून लागला होता. ते वर्गात जीव तोडून शिकवायचे आणि वर्ग तेवढ्याच मनापासून जांभया द्यायचा. आपण ज्यांच्यासाठी एवढा जीव टाकतो त्यांना आपण नको का असतो, याचं उत्तर सरांना हवं होतं. मला त्यांची थट्टा करायला आवडायचं, पण त्या दिवसांत होत नसे.

मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी मला सांगितलं, "मी जनतेत चाललोय."

"म्हणजे कुठं?"

"मोशीला."

शाळेच्या गॅदरिंगच्या ट्रंकेतून त्यांनी शेतकऱ्याचा वेश काढला. धोतर, बंडी आणि लालभडक मुंडासं. हे मुंडासं बांधून आमच्या मुलांनी कित्येक नाटिकांत सावकाराच्या पाया पडून घेतलं होतं. चष्मा खिशात घातला आणि साहेब मोशीच्या बसमध्ये चढले. मी त्यांना सोडायला गेलो होतो. कंडक्टरनं त्यांच्याकडे बघून मला विचारलं, "शूटिंग कुठंय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या दारात. मोशीकडून चिंचवडात दूध घालणाऱ्या गवळ्यानं निरोप आणला होता, "तुमचं मालक आमच्या चावडीत धरून ठिवल्यात." मी घाबरलो. वहिनी घाबरल्या नव्हत्या.

"चला," त्या म्हणाल्या. "मला ते नकोत, किल्ली पाहिजे. दोन्ही किल्ल्या घेऊन गेलेत. दोन दिवस शेजारी झोपतेय मी."

बस बदलून आम्ही मोशीला पोचलो. धरलं होतं खरं, पण बडदास्त चांगली होती. चावडीत चटई टाकली होती, दोन वेळा पिठलं-भाकरी येत होती, आणि दारात एक म्हातारबाबा विडी ओढत राखणीला बसले होते. आमच्या मागोमाग पोलीसपाटील आले आणि त्यांची भावजय आली. तिला सगळं गाव आक्का म्हणत होतं. चाळिशीची, उंच, नदीकाठचा मळा एकटीच्या हिमतीवर करणारी. धरायचा हुकूम तिचाच होता.

"ह्यो मानूस तुमचा का?" पाटलांनी विचारलं.

"आमचाच," मी म्हणालो. "शाळेत मास्तर आहेत."

"मास्तर? मंग मळ्यात पावलं कशापायी मोजत व्हता?"

तेव्हा उलगडा झाला. पहिल्या दिवशी सरांनी आक्काच्या मळ्यात बायकांबरोबर बसून कांद्याची पात कापली. दुपारी भाकरीची सुट्टी झाली, बायका झाडाखाली गेल्या, आणि सर विचार करायला लागले. हात पाठीमागे, मान खाली, या बांधापासून त्या बांधापर्यंत. बांध आला की थांबून पुटपुटायचं आणि वळायचं. भोसरीकडच्या जमिनी कारखान्यांना गेल्या त्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि आता आपला नंबर अशी बोलवा मोशीत रोज उठत होती. तिथंही आधी असाच एक गोड बोलणारा माणूस आला होता, पाणी मागून प्याला होता, पावलांनी शेत मोजून गेला होता, आणि मागून खुणेचे दगड आले होते. हे मोशीत पोरासोरांना पाठ होतं.

"बरं, इचारलं, कशाला आलायस? तर काय म्हनावं ह्यानं!" पाटील म्हणाले. "म्हनला, रशियातल्या शेतकऱ्यांचा अभ्यास करायला आलोय."

"खरं आहे ते," मी म्हणालो.

"रशियाचा अभ्यास, आनि मोशीत?" पाटलांनी माझ्याकडेही संशयानं पाहिलं. मी सांगू लागलो असतो तर चावडीत दुसरी चटई पडली असती.

एवढ्यात वहिनी पुढं झाल्या. "किल्ली कुठाय?" सरांनी बंडी चाचपली, कनवट चाचपली. किल्ल्या निघाल्या. दोन्ही. मग वहिनींचा तोल गेला. "दोन्ही किल्ल्या घेऊन जनतेत जाता? मी सेकंड शिफ्ट करून येतेय, आणि दाराला कुलूप! त्या रशियातल्या पोरांच्या आया रडल्या असतील तर काय नवल! आणि ते डोक्यावरचं काढा आधी, पोरं हसतात!" त्या बोलत राहिल्या आणि सर मान खाली घालून मुंडासं सोडत राहिले. ते मुंडासं पुष्कळ लांब होतं.

आक्का कमरेवर हात ठेवून सगळं ऐकत होती. वहिनी दम घ्यायला थांबल्या तशी ती दिराला म्हणाली, "भावजी, सोडा ह्यास्नी. सरकारी मानसाची बायकू त्याला चारचौघांत आसं बोलंल का? मास्तरच हाय ह्यो."

सुटका झाली. मी उठलो, वहिनी उठल्या. सर बसलेलेच. त्यांनी चष्मा लावला आणि आक्काकडे बघून म्हणाले, "मला एक सांगा. पावलं तर मी दुपारी टाकली. तुम्हाला माझा संशय कधी आला?"

"सकाळीच की," आक्का म्हणाली. "एक तर आंगाला डांबरगोळ्यांचा वास. पर त्येचं काय न्हाई. म्या म्हनलं, आसंल कुनाचं जुनं धोतर."

"मग?"

"तू काम मागितलंस, आनि रोज न्हाई इचारला."

रोज म्हणजे दिवसाची मजुरी. तिकडे रोज ठरवल्याशिवाय कुणी विळ्याला हात लावत नाही. आधी मजुरानं तो वाढवून मागायचा, मालकिणीनं पाडून मागायचा, दोघांनी एकमेकांना चार शब्द सुनवायचे आणि मग कामाला बसायचं.

"सांगाल ते करतो म्हनलास. द्याल ते द्या, न्हाई दिलं तरी चालंल म्हनलास. म्या तवाच तुज्यावर नजर ठिवली. फुकट राबायला आलेला मानूस एक तर चोर आसतो, न्हाईतर सरकारी. ज्याला रोज नको, त्याला मळा पायजे."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही आनंद पसरला की मला वाटलं यांना ऊन लागलं. ते ताडकन उठले, माझा दंड धरला आणि म्हणाले, "त्या पोरांनीही विचारला नव्हता! अहो, एकानंही रोज विचारला नसणार! आम्हाला काही नको म्हणत होते सगळे. म्हणून धरून दिलं!" आणि मग हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. पाटील आक्काला हळूच म्हणाले, "वयनी, सोडला ते बरं केलं."

सर त्या दिवशी घरी यायला तयार होईनात. मळ्यात गेले आणि आक्कासमोर उभं राहून म्हणाले, "रोज किती देणार?"

"तुमचं काम बघून निम्मा."

"निम्मा? सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात बसायचं आणि निम्मा?"

"बायकांच्या निम्मं बी कापत न्हाई तुमी. वर धा कांद्यांत दोन वाया घालवता."

घासाघीस बराच वेळ चालली. सर हरले आणि निम्म्यावर बसले. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. वहिनी किल्ली घेऊन निघाल्या होत्या, त्याही जरा थांबल्या आणि बायकांशेजारी विळा घेऊन बसल्या. आक्कानं त्यांना पूर्ण रोज दिला.

शेवटचं प्रकरण सरांनी पावसाळ्यात लिहून काढलं. दिवाळीच्या आत प्रबंध विद्यापीठात गेला. आपल्या कॅलेंडरनं. तोंडी परीक्षेला मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडंच होतं. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, पागोटं घातलं असतं तर शोभलं असतं असे. त्यांनी शेवटच्या प्रकरणातल्या एका तळटीपेवर बोट ठेवलं. "'आक्का, मोशी, तोंडी.' हा काय आधार आहे?" सरांनी सगळं सांगितलं. वेशापासून चावडीपर्यंत. मी मनात म्हटलं, गेलं, बारा-तेरा वर्षांचं काम गेलं. परीक्षकांनी तळटीप पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी विचारलं, "शेवटी रोज किती ठरला?"

"निम्मा."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि पान उलटलं.

पदवी मिळाल्यावर सरांनी पहिली बांधीव प्रत मोशीला नेली. वहिनी आणि मी बरोबर होतो. आक्काचा मळा जागेवर होता. कांदाच निघत होता. तिनं हात लुगड्याला पुसले, तो लाल कापडी बांधणीचा गठ्ठा घेतला आणि हातावर तोलला.

"लई जड हाय. किती वर्सं राबलात ह्याला?"

"तेरा धरा."

"आनि रोज?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी वहिनींकडे बघायला लागलो. वहिनी कांद्यांकडे.

"रोज नाही मिळाला," सर शेवटी म्हणाले. "उलट मीच फी भरली."

"तेरा वर्सं फुकट?"

"फुकट."

आक्का हसली नाही. प्रबंध तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि सरांकडे नीट पाहिलं, जसं पहिल्या दिवशी पाहिलं असेल.

"चोर न्हाई तुमी," ती म्हणाली. "सरकारी बी न्हाई. म्हंजी तिसरं बी आसतं म्हना की कायतरी. म्या त्या दिशी आर्धंच सांगितलं तुमास्नी."

सरांचा चेहरा पडला. "अहो, हे लिहायचं राहिलं," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "हे तिसरं राहूनच गेलं! शेवटचं प्रकरण पुन्हा लिहावं लागणार."

"खबरदार!" वहिनी म्हणाल्या.

पण सर कुठले ऐकताहेत. हात पाठीमागे गेले, मान खाली गेली, आणि लांब लांब पावलं टाकत ते बांधाच्या दिशेनं निघाले. बांधाशी थांबले, पुटपुटले, वळले. कामाला नवीनच आलेली एक बाई विळा टाकून उठली आणि घाबरून म्हणाली, "आक्का, बगा, कोन मळा मोजतंय!"

"बस खाली," आक्का म्हणाली. "मोजत न्हाईत ते. इचार करत्यात."